बॉक्स्टरच्या सीटची उजवी कड

आषाढातल्या भर पावसात काका गाडी घेऊन आले आणि उतरल्या उतरल्या त्यांनी मोबाईलमधला एक फोटो माझ्यापुढे धरला. लालभडक लेदर, त्यावर शंकरपाळ्यांसारखी डायमंड शिलाई. "दोन्ही सीट अश्शा करून द्या. जुनं सगळं काढून टाका, फार वाईट अवस्था झालीय."

गाडी २००८ सालची पोर्श बॉक्स्टर. दोन सीटची, कापडी टपाची, इंजिन सीटच्या लगेच मागे. या पिढीला गाडीवाले ९८७ म्हणून ओळखतात. आतलं लेदर सँड बेज, म्हणजे सायीपेक्षा गडद आणि ओल्या वाळूपेक्षा उजळ. काका तिसरे मालक. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली गाडी, रविवारी पहाटे खंबाटकीपर्यंत जाऊन यायचं, एवढाच तिचा उपयोग.

मी फोटो बघितला, मग दार उघडून सीट बघितली. बराच वेळ बघितली. म्हणालो, "काका, दोन्ही सीट मिळून लेदरचे वीस-बावीस तुकडे आहेत. त्यातला एक मेलाय आणि एक आजारी आहे. बाकीचे ठणठणीत आहेत. एकासाठी सगळ्यांना कशाला काढायचं?"

त्यांना ते पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण "बरं, सांगा तरी" म्हणून ते स्टुलावर बसले आणि तिथून हे काम सुरू झालं.

झीज कुठं होती, का होती

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून झीज उजव्या कडेला. स्पोर्ट्स कारची सीट जमिनीलगत असते आणि वळणावर अंग धरून ठेवायला तिच्या दोन्ही बाजूंना उंच कड असते, तिला बोल्स्टर म्हणतात. आत शिरताना माणूस आधी त्या कडेवर टेकतो आणि मग घसरत खाली जातो. उतरताना तेच उलट, सगळा भार कडेवर देऊन उठायचं. जीन्सची जाड शिवण, खिशातली किल्ली, पट्ट्याचं बक्कल, सगळं त्याच चार बोटांच्या जागेवरून सोळा वर्षं घासलं जातं. त्यात टप उघडा, वरून ऊन.

बैठकीच्या उजव्या कडेवरचा रंग पार उडाला होता आणि आतले तंतू वर आले होते, जुन्या पायपुसण्यासारखे. शिवणीलगत साडेचार सेंटिमीटरची फाट. आतला फोम अंगठ्यानं दाबला की दबलेलाच राहायचा. पाठीच्या उजव्या कडेवर मात्र फाट नव्हती, बारीक तडे होते, उन्हाळ्यात तळ्यातल्या गाळाला पडतात तसे. मधला भाग, डोक्याची बाजू, डावी सीट, सगळं चांगलं. मळलेलं, पण चांगलं.

इथं चामड्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण निम्मे घोटाळे इथंच होतात. माझे वडील कोल्हापुरात चपला शिवायचे. त्यांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो जिरतो आणि तिथं गडद डाग पडतो. ते चामडं तेल पितं आणि तेलानं सुधारतं. गाडीचं लेदर निराळं. ते बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांत कमावतात, जाडी एक ते दीड मिलिमीटरच्या आत ठेवतात आणि त्यावर रंगाचे व पॉलियुरेथेनचे थर चढवतात. आपण बोट लावतो ते चामड्याला नाही, त्या पातळ थराला. थेंब त्यावर मण्यासारखा बसून राहतो.

म्हणून माझी पहिली तपासणी थेंबाचीच. मधल्या भागावर थेंब गोल बसला. पाठीच्या कडेवर बसला, पण तड्यांच्या रेषांत हळूहळू उतरला. बैठकीच्या कडेवर टाकला आणि दिसेनासा झाला. एकाच सीटवर तीन जागी तीन उत्तरं. पहिल्या जागी फक्त साफसफाई, दुसरीकडे नवा थर, तिसरीकडे नवं लेदर. मागितलेल्या कामापेक्षा गरज वेगळी आहे हे त्या तीन थेंबांनी काकांना माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

दुसरी तपासणी पांढऱ्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन. मधल्या भागावर फडकं फिरवलं तर फक्त मळ आला. उजव्या कडेवर फिरवलं तर बेज रंगच फडक्याला लागला. कारखान्यातला थर असा सहजासहजी सुटत नाही. म्हणजे आधी कुणीतरी इथं वरून रंग मारला होता आणि खालचा मळ न काढताच मारला होता. शिवणीत नाक खुपसलं तर खोबरेल तेलाचा वास. हेही नेहमीचं. चपलेला जे चालतं ते आपल्याकडे प्रेमानं गाडीलाही चोळतात. पण त्या थरातून तेल आत जात नाही. ते शिवणीत साचतं, धूळ धरतं, आणि पुढं नवा रंग चिकटू देत नाही.

लेदर म्हणून विकलेल्या सगळ्याच गाड्यांत सगळं लेदर नसतं, हेही बघून घ्यावं लागतं. बाजूचे आणि मागचे तुकडे बऱ्याचदा रेक्झिनचे असतात. तुकड्याची उलटी बाजू बघितली की कळतं: लेदर पाठीमागून मखमलीसारखं लवदार, रेक्झिनच्या पाठीला विणलेलं कापड. आमचे दोन्ही आजारी तुकडे अस्सल लेदरचे निघाले.

एअरबॅगची शिवण

पाठीच्या बाहेरच्या कडेवर एअरबॅगची छोटी पट्टी आहे. याच्या आधीच्या ९८६ बॉक्स्टरमध्ये बाजूची एअरबॅग दारात होती. ९८७ मध्ये छातीसाठीची एअरबॅग सीटच्या पाठीत आली आणि डोक्यासाठीची दारात राहिली. धडक बसली की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरलेल्या शिवणीतून फुटून बाहेर यायला हवी. त्या शिवणीचा दोरा, टाक्याची लांबी, लेदरची जाडी, सगळं त्या फुटण्याच्या हिशेबानं ठरवलेलं असतं.

काकांनी आणलेल्या फोटोतली शंकरपाळी शिलाई कडेपर्यंत गेली होती. आतून फोमचं अस्तर, वरून मजबूत दोरा. दिसायला देखणी. पण मी जाड दोऱ्यानं ती कड शिवून दिली आणि गरजेच्या वेळी एअरबॅग आतच अडकली किंवा उशिरा आली, तर? या एका कारणासाठी मी ते काम कुणालाच करून देत नाही. त्या शिवणीसाठी कारखान्याचा दोरा आणि टाका तंतोतंत तसाच वापरून, तपासून देणारी सोय माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे ती नाही त्यानं त्या शिवणीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

काका एवढं ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रविवारी नात बसते हो शेजारी." लाल रंगाचा विषय तिथंच संपला.

काम असं ठरलं. बैठकीच्या उजव्या कडेचा तुकडा नवा, आतला फोम भरून घ्यायचा. पाठीच्या कडेवर फक्त जुना रंग काढून पातळ नवा थर. तिथं ना भराव, ना मागून ठिगळ, ना सोल्युशन म्हणजे चिकटवायचा गोंद, आणि शिवणीजवळ बोटभर जागा जवळपास कोरडीच ठेवायची. बाकी सगळीकडे साफसफाई. पूर्ण सीट नव्यानं चढवायच्या तर नव्वद-शंभर चौरस फूट लेदर लागलं असतं. आम्हाला तीन फूटही लागणार नव्हतं.

सीट बाहेर काढली तेव्हा

बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि त्या डिकीचं झाकण विजेवर उघडतं. बॅटरी सोडून झाकण चुकून बंद झालं की पुढचा अर्धा दिवस ते उघडण्यात जातो. म्हणून कुलपाच्या जागी जाड फडकं कोंबून ठेवलं, मग तार सोडली, चहा होईपर्यंत थांबलो आणि मग सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर काढला. टप उघडा असल्यानं सीट वरून उचलता येते, बंद टपाच्या गाड्यांत तिला दारातून काढताना कडा खरचटतात, ती भीती इथं नव्हती.

सीट निघाली आणि खालचा गालिचा ओला लागला. वरून नव्हे, खालून. बॉक्स्टरच्या टपाच्या घडीतून पाणी वाहून जायला बाजूंना नळ्या असतात. त्यांत पाला-माती अडकली की पाणी आत उतरतं आणि गालिच्याखाली मुरत राहतं. आमच्याकडे नळीतून गुलमोहराच्या पाकळ्यांचा चिखल निघाला. लवचीक तार घालून नळ्या मोकळ्या केल्या, गालिचा वर उचलून दोन दिवस पंख्याखाली ठेवला. हे काम कुणी सांगितलं नव्हतं, पण ओल्या गालिच्यावर नवं लेदर बसवणं म्हणजे बुरशीला निमंत्रण.

आणि याच दोन दिवसांत आमच्याकडून चूक झाली. दुपारी जोराची सर आली, गाडी पत्र्याच्या कडेला उभी होती, आणि माझ्या हाताखालच्या पोरानं काच वर करायला म्हणून बॅटरी जोडून किल्ली फिरवली. सीट बाहेर, एअरबॅगचा कनेक्टर सुटा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला आणि सीट परत जोडल्यावरही तो विझला नाही. तो चूकनोंद म्हणून साठतो, स्कॅनर लावूनच पुसावा लागतो. पोराचा हेतू चांगला होता, त्याला रागावलो नाही. दोष माझा, मी त्याला सांगायला हवं होतं. आता सीट बाहेर असली की किल्ली माझ्या खिशात असते.

नवा तुकडा

जुना तुकडा उसवण्याआधी मी त्याच्यावर आणि शेजारच्या तुकड्यांवर दर पाच-सहा सेंटिमीटरवर पांढऱ्या पेन्सिलीनं आडव्या खुणा केल्या, शिवणीच्या दोन्ही बाजूंना जुळणाऱ्या. मगच ब्लेडनं एकेक टाका कापला.

आता नवशिका काय करतो, तर जुना तुकडा नव्या लेदरवर ठेवतो आणि आखतो. पण जुना तुकडा सोळा वर्षं ताणलेला असतो. त्याच्यावरून फर्मा काढला की कड पहिल्या दिवसापासून सैल बसते, सुरकुती पडते. मी डावीकडच्या सीटची डावी कड घेतली. ती याच तुकड्याचं आरशातलं रूप, आणि तिथं कुणी फारसं बसलेलं नाही. त्या कडेवर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म ताणली, वर कागदी चिकटपट्टी आडवी-उभी लावली, शिवणीची रेघ पेननं ओढली, साल काढावी तशी काढून घेतली आणि पुठ्ठ्यावर पसरून उलटी केली. उजव्या कडेचा ताजा फर्मा मिळाला.

लेदर धारावीतून आणलं. कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट, पोटाकडचा ढिला आणि ताणणारा. कडेवर रोज भार येणार, म्हणून तुकडा कण्यालगत कापला. पोटाकडचं घेतलं असतं तर चार पैसे वाचले असते आणि वर्षभरात कड पोक काढून बसली असती.

फोमचं काम वेळखाऊ, पण सांगण्यासारखं थोडं. मेलेला भाग तिरका कापून काढला, त्याच घट्टपणाचा फोम सोल्युशननं जोडला, सुकल्यावर सँडपेपरनं घासत आकार दिला. मूळ आकारापेक्षा पाच-सहा मिलिमीटर फुगीर ठेवला. कव्हर ताणून बसायला एवढं लागतंच.

शिवणीच्या कडा मात्र वडिलांच्या रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या पात्यानं, पातळ केल्या. नवं लेदर १.३ मिलिमीटर, जुनं १.१. दोन्ही तसेच जोडले की शिवण हाताला टोचते आणि पुढची झीज तिथूनच सुरू होते. रापी जवळजवळ आडवी धरून, श्वास रोखून ओढायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली की समजायचं हात बरोबर आहे. जरा धार खाली गेली की तुकडा वाया. गाड्यांसाठी यंत्रं आहेत, माझ्याकडेही एक आहे. पण एवढ्याशा वळणावर रापीला तोड नाही.

मग शिलाई. नवा तुकडा जुन्या तुकड्याला जोडायचा होता आणि जुन्यात सुईची भोकं आधीच पडलेली. त्यांच्या शेजारून नवी शिलाई मारली की दोन भोकांमधलं चामडं पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं होतं, आणि तिकिटासारखंच फाटतं. म्हणून जुना तुकडा वर घेतला, मोटार बंद केली आणि मशीनचं चाक हातानं फिरवत सुई एकेका जुन्या भोकात सोडली. त्या शिवणीला ८४ भोकं होती. सुई टेकवायची, भोक चुकलं नाही ना बघायचं, चाक अर्धं फिरवायचं, लेदर पुढं सारायचं. दीड तास लागला. दोरा बाँडेड पॉलिस्टरचा वापरला, कारण उघड्या टपाच्या गाडीत नायलॉन उन्हानं लवकर कुजतो.

रंग

रंग जुळवताना कारखान्याच्या तक्त्याचा उपयोग नाही. तो रंग २००८ चा, सीट आजची. शेजारचा तुकडा आधी नीट धुऊन घेतला, कारण मळक्या बेजला जुळवलं तर नवा तुकडा जन्मभर मळका दिसतो. पांढरा, पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळ्याचा टिपूस. पाण्यात मिसळणारा रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून प्रत्येक नमुना हेअर ड्रायरनं वाळवून मगच बघायचा. तोही उजेडात नेऊन. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात हिरवट निघतो, हे मी पूर्वी अनुभवलेलं आहे. त्या दिवसांत ऊन कुठलं, दोन सरींच्या मध्ये आभाळ उघडलं की नमुने घेऊन रस्त्यावर धावायचं. सातव्या नमुन्याला जुळलं.

नव्या तुकड्यावर रंग सुंदर बसला. पाठीच्या कडेवर पहिला हात मारला आणि पाहता पाहता त्यात माशाच्या डोळ्यांएवढे गोल खळगे उघडले, जणू रंग तिथून पळून जातोय. हे सिलिकॉनचं लक्षण. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमध्ये ते असतं, कुणीतरी सीटलाही फासलेलं. ओला रंग लगेच पुसून काढला, तीन वेळा धुतलं, प्रत्येक वेळी नवं फडकं, कारण तेच फडकं पुन्हा वापरलं की सिलिकॉन फक्त इकडचं तिकडे होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळ हात. या वेळी धरला. एकूण चार हात, प्रत्येक इतका पातळ की पहिल्यात तडे जवळजवळ तसेच दिसत होते. वर मॅट टॉपकोट, म्हणजे बिनचमकीचा शेवटचा थर. कारखान्यातलं चांगलं लेदर चमकत नाही. चमकतं ते मळानं किंवा चुकीच्या रंगानं.

काकांचं चमकणारं स्टिअरिंगही तसंच, हाताचं तेल साचलेलं. मऊ ब्रश आणि फेस, चार वेळा, बस्स. रंग लावलाच नाही.

पावसाळी हवेत थर पक्का व्हायला वेळ लागतो. सीट बसवून, एअरबॅगच्या दिव्याची चूकनोंद पुसून घेतल्यावरही आठवडाभर गाडी दिली नाही. काम १९ दिवस चाललं, त्यातले हातात हत्यार असलेले तास जेमतेम ३०. बाकी सगळं वाळण्याची वाट बघणं.

वर्षभरानंतर

पुढच्या आषाढात काका गाडी दाखवायला आले. आता ते आधी बैठकीच्या मध्यावर बसतात आणि मग पाय आत घेतात, दारात उभ्या उभ्या त्यांनी मला करून दाखवलं. नवी कड जशीच्या तशी, फोम दाबला की वर येतो. दुपारच्या तिरप्या उन्हात नव्या आणि जुन्या तुकड्याच्या तजेल्यात किंचित फरक दिसतो. तो मला दिसतो, त्यांना दाखवल्यावर दिसला. पाठीच्या कडेला, जिथं लेदर दुमडतं तिथं, दोन केसांएवढ्या रेषा परत वर आल्या आहेत. भराव घातला असता तर कदाचित आल्या नसत्या, पण त्या जागी भराव घालायचा नव्हता. गालिचा कोरडा आहे.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्या दोन रेषांवर आणखी एक पातळ हात मारायचं ठरलंय. उरलेला रंग डबीत बंद करून ठेवलाय, वर गाडीचं साल आणि सातव्या नमुन्याचं प्रमाण लिहून.